विनायकची पाच किलोमीटरची हद्द

त्या दिवशी कोर्टात जेवणाची सुट्टी झाली होती. बार रूममध्ये मी डब्याचं झाकण उघडलं आणि सुधावहिनींचा फोन आला. सुधावहिनी म्हणजे विनायकची बायको. त्या माझ्या कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत, करावा लागलाच तर आधी मेसेज करून विचारतात. मी फोन उचलला तर पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "मंदाताई, यांना दवाखान्यात आणलंय... पण डॉक्टर म्हणतात, आणण्याआधीच..." काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "घरी होता का?" त्या म्हणाल्या, "नाही हो. त्या हॉटेलात." आमच्या दोन्ही घरांत 'ते हॉटेल' म्हणजे एकच. विनायकच्या हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर दोन वर्षांपूर्वी उभं राहिलेलं. मी डब्याचं झाकण परत लावलं, पिशवीत ठेवलं, बाहेर येऊन रिक्षात बसले. सीबीएस बसस्टँडच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, की हा तिथे गेला कशाला?

आता सात आठवडे झाले. विनायक पाठक, वय अठ्ठावन्न, पंचवटीतला, आडगाव नाक्याच्या पुढे हॉटेल असलेला, चष्मा कायम कपाळावर ठेवून तो शोधत फिरणारा माझा लहानपणापासूनचा मित्र आता नाही, हे वाक्य मी वकिली भाषेत दोन-तीन अर्जांत लिहूनही टाकलं आहे. 'मयत' असा शब्द त्याच्या नावाआधी माझ्याच हाताने टाइप केला. तरी डोक्यात शिरत नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं, पण गुडघा सोडला तर त्याला काही दुखणं नव्हतं. आदल्या रविवारी तो माझ्या बाल्कनीत बसून पोहे खाऊन गेला होता. स्मशानात लोक हळू आवाजात बोलत होते ते मला सगळं ऐकू येत होतं. "त्यांच्याशी भांडायला गेला असेल." "किती दिवस सहन करणार माणूस." "बोलाचाली झाली असणार, ताण सहन नाही झाला." मलाही तसंच वाटत होतं, आणि त्याला भांडायला पाठवणारी मीच होते.

विनायक आणि मी पंचवटीत एका गल्लीत वाढलो. त्याचं घर उपाध्यांचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. रामकुंडावर श्राद्धाला, अस्थी घेऊन, बाहेरगावाहून जी कुटुंबं येतात त्यांचे उपाध्ये पिढ्यानपिढ्या ठरलेले असतात. गावं वाटलेली असतात. आलेल्या माणसाला आधी विचारायचं, गाव कोणतं, आडनाव काय. मग तो ज्या घरचा असेल त्या घरी त्याला पोचवायचं. दुसऱ्याच्या गावचा माणूस चुकून आपल्या दारात आला तर ठेवून घ्यायचा नाही. याला कुठला कायदा नाही, कुठला कागद नाही, पण मोडणाऱ्याला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नसे. पाठकांकडे बागलाण होतं, म्हणजे सटाणा आणि त्याच्या आजूबाजूची गावं. विनायकच्या डोक्यात हे इतकं पक्कं होतं की शाळेत नवा मुलगा आला की त्याचं नाव विचारायच्या आधी हा त्याचं गाव विचारायचा आणि लगेच सांगायचा, "म्हणजे तू अमक्यांच्या घरचा." इगतपुरीहून बदलून आलेल्या रेल्वेतल्या एका साहेबांच्या मुलाला त्याने पहिल्याच दिवशी असं सांगितलं, तर तो बिचारा रडायला लागला. त्याला वाटलं आपल्याला कुणाला तरी दत्तक दिलंय. पुढे माझं लग्न सटाण्याच्या घरात ठरलं तेव्हा सगळी गल्ली मुलगा कसा आहे, पगार किती आहे असलं विचारत होती. विनायक मात्र हात जोडून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मंदा, आता तू रीतसर आमच्या हद्दीत आलीस." त्यावरून मी त्याला पुढची तीस वर्षं बोलून घेतलं.

उपाध्येपण त्याच्या थोरल्या भावाकडे गेलं. विनायक बी.कॉम. झाला, काही वर्षं एका पतसंस्थेत चिकटला, तिथे त्याचा जीव रमेना. मग वडिलांच्या वाटणीच्या जागेवर त्याने दहा खोल्यांचं यात्री निवास बांधलं. बागलाणातून येणारी माणसं भावाकडे विधी करायची आणि विनायककडे उतरायची. खोल्या साध्या, पण पाणी सकाळी चारला गरम मिळायचं आणि म्हाताऱ्या माणसांना तळमजला. हळूहळू वर मजला चढला, मागे गाड्या लावायला जागा झाली. द्राक्षांचे व्यापारी येऊ लागले, औषध कंपन्यांची माणसं येऊ लागली. तेव्हा मुंबईहून त्या कंपनीचे साहेब आले. देशभर हॉटेलं असलेली कंपनी. त्यांचं नाव लावायचं, त्यांच्या पद्धतीने खोल्या सजवायच्या, त्यांच्या ॲपवरून बुकिंग यायचं आणि त्याबद्दल त्यांना त्यांचा वाटा द्यायचा. इमारत आपली, कर्ज आपलं, नाव त्यांचं. विनायकने करार माझ्यासमोर आणून ठेवला. उशीएवढा जाड होता आणि सगळा इंग्रजीत होता.

इथे मला थांबून काही कबूल करायचं आहे. मी जमिनीच्या कामातली वकील. सातबारा, खरेदीखत, भाडेकरार, वाटणी यांत माझा हात कुणी धरणार नाही. असला करार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. 'हे माझं काम नाही, मुंबईचा कुणीतरी माणूस बघ' एवढं सांगायला हवं होतं. माझ्या अंगात ताठा फार. दोन रविवार बसून मी तो वाचला. हद्दीचं कलम सापडलं तेव्हा तर मी खूश झाले. विनायकच्या हॉटेलपासून पाच किलोमीटरच्या आत कंपनी हे नाव दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. 'हे नाव' या दोन शब्दांखाली मी पेन्सिलने रेघसुद्धा मारली. म्हणजे मला दिसलं होतं. मनात आलं होतं की दुसऱ्या नावाने आली तर? आणि मीच स्वतःला उत्तर दिलं, की स्वतःच्याच हॉटेलसमोर स्वतः कोण दुकान मांडेल. विनायकला मी सांगितलं, "हद्द तुझी आहे, निर्धास्त सही कर."

सहीच्या दिवशी कंपनीचे साहेब सुटाबुटात, मी काळ्या कोटात, सुधावहिनी पेढ्याचं ताट घेऊन. सगळी पानं सह्या करून झाली आणि विनायकने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "साहेब, या हद्दीत बागलाण आलं ना?" साहेबांना कळेना. त्यांनी फोनवर नकाशा काढला. म्हणाले, "सर, ते लांब आहे. तुमची हद्द हॉटेलपासून मोजायची, पाच किलोमीटर." विनायक म्हणाला, "हॉटेल काय, ते कुठे जातंय? माणसं तिकडून येतात. ती कुणाची, ते लिहिलंय का?" साहेब हसले. मी हसले. सुधावहिनीही हसल्या. आम्हाला वाटलं नेहमीसारखी मस्करी चालली आहे. तो मात्र खरंच विचारत होता. त्याच्या घरात हद्द जमिनीची नसतेच, माणसांची असते. करारात त्याने ऐकली ती हद्द तीच होती. 'तुझी' म्हणजे बागलाणची माणसं तुझी, आणि दुसऱ्याकडे गेली तर तो तुझ्याकडे परत पाठवील. मी वकील असून मला ते त्या दिवशी कळलं नाही. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

पहिली वर्षं झोकात गेली. कंपनीने एक जाड पुस्तक दिलं होतं, त्यात पाहुण्याला नमस्कार कसा करायचा, काय वाक्य म्हणायचं, सगळं होतं. विनायक ते वाक्य शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं न चुकता म्हणायचा आणि लगेच विचारायचा, "गाव कोणतं?" तपासणीला येणारा माणूस त्याचे गुण कापायचा. पुस्तकात गाव विचारायचं नव्हतं. मी एकदा त्याला म्हटलं, अरे विचारू नकोस ना, तर म्हणाला, "गाव विचारल्याशिवाय माणसाशी बोलायचं काय?" बागलाणचे लोक त्या पांढऱ्या चादरींवर बसायला बिचकायचे. एका आजीबाईंनी रात्रभर सतरंजी टाकून जमिनीवर झोप काढली आणि सकाळी पलंग तसाच्या तसा दाखवून म्हणाल्या, बघ, मोडला नाही. ती गोष्ट त्याने मला किमान दहा वेळा सांगितली असेल.

मग ते हॉटेल आलं. बांधकाम चालू होतं तेव्हा कुणाचं आहे ते कळत नव्हतं. पाटी लागली ती वेगळ्याच नावाची, झगझगीत, इंग्रजी. उद्घाटनाचं आमंत्रण मात्र विनायकला त्याच्याच कंपनीकडून आलं. 'आपल्या कुटुंबातला नवा सदस्य' असं त्यावर छापलं होतं. कंपनीने जरा तरुण लोकांसाठी म्हणून दुसरं नाव काढलं होतं आणि ते आडगाव नाक्यावर कुणा बिल्डरला दिलं होतं. विनायक हार घेऊन गेला. तिथून थेट माझ्या घरी आला, खुर्चीत बसला आणि खिशातून एक छोटा साबण काढून टेबलावर ठेवला. "मंदा, साबणसुद्धा तोच आहे." मी म्हटलं, बरं मग? "चादर तीच. दारावरची पट्टी तीच. त्या मुलीने मला तेच वाक्य म्हणून नमस्कार केला. फक्त गाव नाही विचारलं." त्याचा चेहरा पाहून मला पेन्सिलची ती रेघ आठवली.

त्यानंतर वर्षभरात काय होत गेलं ते सांगणं सोपं आहे. ॲपवर विनायकच्या हॉटेलचं नाव टाकलं तरी वर ते हॉटेल दिसायचं आणि त्याखाली हे. विनायककडे राहून जमवलेले पॉइंट लोकांनी त्या हॉटेलात जाऊन वापरले. औषध कंपन्यांची माणसं गेली, द्राक्षवाले गेले. तेवढ्याने तो खचला नसता. त्याला लागलं ते बागलाणचं. सटाण्याची पोरं आता मोबाईलवर बुकिंग करतात. म्हातारे आईबाप सवयीने विनायकच्या दारात यायचे आणि पोराने दाखवलेला मेसेज त्या हॉटेलचा निघायचा. मी कंपनीला पत्र लिहिलं. कडक लिहिलं. उत्तर आलं दीड पानांचं, गोड भाषेत. हद्द त्या नावापुरती आहे, दुसरं नाव हे दुसरं नाव आहे, आणि करार काळजीपूर्वक वाचला असेल अशी आशा आहे. ते शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं, हे मला न सांगता कळलं.

मी म्हटलं, मग सोड तो करार. तुझी जुनी पाटी लाव आणि तुझं तू चालव. त्या निमित्ताने मी तो करार पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी बोट ठेवून एकेक ओळ. शेवटून चौथ्या पानावर ते कलम होतं. करार सोडणाऱ्याने दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत कुठलंही हॉटेल, लॉज, यात्री निवास चालवायचं नाही. स्वतःच्या इमारतीतसुद्धा. मी विनायकला बोलावून ते मराठीत समजावून सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाला, "म्हणजे कंपनी माझ्या शेजारी येऊ शकते, पण मी माझ्या शेजारी येऊ शकत नाही." आणि हसला. खरंच हसला. मला त्या हसण्याचा इतका राग आला, की मी उठून स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यानंतर मी नोटिशीचा मसुदा केला. कंपनीला, त्या बिल्डरला, सगळ्यांना. जिंकू की नाही माहीत नव्हतं. माझी चूक होती, ती मला निस्तरायची होती, खरं तर एवढंच होतं. विनायक सही करायला टाळाटाळ करत होता. त्या शेवटच्या रविवारी पोहे खाऊन झाल्यावर मी कागद पुढे केला तर म्हणतो, "थांब ना जरा. त्या हॉटेलातल्या पोरांना ठाऊकच नसेल. कुणी सांगितलंच नसेल त्यांना. सांगितलं की कळतं माणसाला." माझा तोल गेला. मी म्हटलं, "विनू, हे रामकुंड नाही. इथे कुणी कुणाचं माणूस परत पाठवत नाही. तुला एवढंही कळत नसेल तर जा आणि तोंडावर सांग त्यांना, बघ कसे हाकलून देतात ते. नाहीतर कुलूप लाव आणि घरी बस." त्याने कप आत नेऊन विसळून ठेवला. चपला घालताना म्हणाला, "बरं." ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतर चौथ्या दिवशी तो त्या हॉटेलच्या स्वागतकक्षात गेला आणि परत आला नाही.

तेराव्यानंतर कंपनीचा मेल आला. पहिल्या ओळीत दुःख झाल्याचं होतं आणि दुसऱ्या ओळीपासून फॉर्म. वारसांनी करार पुढे चालवायचा की नाही ते ठरावीक मुदतीत कळवावं, न चालवल्यास ते दोन वर्षांचं कलम लागू होईल. विनायकचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला यातलं काही कळत नाही. तो माझ्याकडे बघतो आणि मी त्याच्या नजरेला नजर देत नाही. सुधावहिनींनी मला एकदाही, एका शब्दानेही, दोष दिला नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "तिथे काय झालं, कोण काय बोललं यांना... एवढं कळलं असतं तर बरं होतं." ते ऐकून मी ठरवलं. त्या हॉटेलात जायचं, त्यांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मागायचं. कुणी त्याचा अपमान केला असेल, अंगाला हात लावला असेल, तर एकेकाला कोर्टात उभं करायचं. आणि कुणी काही केलं नसेल... तर मग मीच उरते.

मागच्या सोमवारी मी काळा कोट घालून गेले. मुद्दाम घालून, आणि चित्रण मागायची नोटीस पिशवीत ठेवून. तिथली व्यवस्थापक तिशीची मुलगी आहे, शाहीन नावाची, मालेगावची. मी विनायकचं नाव घेतलं आणि ती उभीच राहिली. मला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. "मॅडम, आप आओगे असं वाटतच होतं मला," म्हणाली. "मी जाणार होते काकांच्या घरी. पण कोणत्या तोंडाने जाऊ, आमच्याच इथे झालं सगळं..." मी थेट विचारलं, "भांडण झालं का?"

"भांडण?" ती माझ्याकडे बघत राहिली. "काका तर गेस्ट सोडायला आले होते ना."

त्या दिवशी सटाण्याकडचे एक म्हातारे नवराबायको विनायकच्या दारात आले होते. पुतण्याने मोबाईलवर बुकिंग केलं होतं आणि ते या हॉटेलचं होतं. विनायककडे निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. त्याने त्यांना ठेवून घेतलं असतं तर कुणी त्याला विचारलं नसतं. तो त्यांना रिक्षात घालून इकडे घेऊन आला. शाहीन म्हणाली, तो असा येण्याची ती पहिलीच वेळ नव्हती. दोन वर्षांत कितीतरी वेळा आला होता. "पहिल्या वेळी मी घाबरले, वॉचमनला बोलवलं. म्हटलं, भांडायला आले. तर काका म्हणाले, हे तुमच्याकडचे आहेत, माझ्याकडे आले चुकून. आणि यांना खालची खोली द्या, गुडघे दुखतात." सुधावहिनींना यातलं काही माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. मी ज्याला अडाणी म्हणून झापलं होतं तो माणूस, दुसऱ्या कुणी पाळली नाही ती हद्द एकटा पाळत होता.

मग तिने पुढचं सांगितलं. म्हाताऱ्यांच्या धाकट्या भावाच्या अस्थी होत्या बरोबर. लाल फडक्यात बांधून कापडी पिशवीत. त्यांचे हात थरथरत होते म्हणून पिशवी विनायकने धरली होती. आधार कार्डाची झेरॉक्स, पुतण्याच्या फोनवर ओटीपी, पुतण्याचा फोन लागेना, असं करत अर्धा तास गेला असेल. "मी म्हटलं, काका, पिशवी खाली ठेवा, बसा. ते म्हणाले, ही खाली ठेवत नाहीत. मला माहीत नव्हतं मॅडम, आमच्यात नसतं असं. मग त्यांनी विचारलं, इथे खुंटी आहे का एखादी? मी म्हटलं, खुंटी? नाही काका, असलं काही नाही." आजी पुढे झाल्या, म्हणाल्या माझ्याकडे दे, तर त्यांनाही दिली नाही, तुम्ही दमलात म्हणाला. बसलाही नाही. बसलं की पिशवी टेकते. तो खांबाजवळ उभा राहिला, हात वर करून, मनगट खांबाला टेकवून. खोलीचं कार्ड तयार झालं, शाहीनने मान वर केली, तेव्हा तो खाली घसरत होता. पिशवीचा हात तेवढा वरच होता. म्हाताऱ्यांनी धावत येऊन आधी ती घेतली, मग त्याला धरलं. आजी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि गर्दीला सांगत राहिल्या, "हाऊ आमना माणूस शे." शाहीन मालेगावची, तिला ती बोली कळली: हा आमचा माणूस आहे.

अस्थी कुणी घरात नेत नाही आणि जमिनीवर ठेवत नाही, बाहेर झाडाला किंवा खुंटीला टांगतात. हे मला माहीत आहे, कारण माझा नवरा गेला तेव्हा मी चौथ्या मजल्यावर राहत होते आणि खाली सोसायटीने सगळी फरशी घालून घेतलेली, झाड म्हणून नव्हतं. विनायक येऊन पिशवी घेऊन गेला होता. त्याच्या हॉटेलच्या पोर्चमध्ये लाकडी खुंटी आहे, तिच्यावरून दर तपासणीत कंपनीचा लाल शेरा पडायचा. तिथे माझा नवरा एक रात्र होता आणि विनायक खाली खुर्ची टाकून बसला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

शाहीनपुढे मी रडले. कोर्टात तीस वर्षं काढलेली बाई, काळ्या कोटात, अनोळखी मुलीपुढे. नोटीस पिशवीतच राहिली. सही करायची की दोन वर्षं कुलूप लावायचं, ते सुधावहिनींनी अजून ठरवलेलं नाही, मुदत संपत आली आहे. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे भांडले नाहीत ना?" मी म्हटलं, नाही. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा शाहीन दारापर्यंत सोडायला आली. स्वागतकक्षातल्या त्या गुळगुळीत पांढऱ्या खांबाला पितळेची एक खुंटी ठोकलेली होती. नवीन, भोवती अजून प्लास्टरचे कपचे उडालेले. "कंपनीवाले विचारतील तेव्हा बघू," ती म्हणाली. मला ती जरा जास्तच उंचावर वाटली. म्हाताऱ्या माणसांचा हात पोचायचा नाही, थोडी खाली घ्यायला हवी होती, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "नाही मॅडम. काकांचा हात इथे होता."